हा शब्द कुणाचा?

गेल्या महिन्यात शालिनीचं कार्ड आलं. ‘बाई गेल्या. त्रास झाला नाही.’ एवढाच मजकूर, खाली सही. शालिनी ही वत्सलाबाईंची मुलगी. सख्खी, एकुलती एक. तरी तिने ‘आई’ लिहिलं नाही, ‘बाई’ लिहिलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. का वाटलं नाही, ते पुढे येईल.

समोरच्या माणसाला मधेच थांबवण्याची वत्सलाबाईंची एक रीत होती. उजव्या हाताचा तळवा छातीपर्यंत वर यायचा, चौकात वाहनं अडवणाऱ्या पोलिसासारखा, आणि त्या म्हणायच्या, “थांबा. हा शब्द कुणाचा?” समोर मुख्याध्यापक असोत, पालिकेचे साहेब असोत की भाजीवाली असो. शब्द मराठी की गुजराती हे आधी ठरायचं, अर्थ त्यानंतर, आणि मग बोलणं पुढे सरकायचं. लोक वैतागत. एक मुख्याध्यापक मला म्हणाले होते, “तुमच्या या बाई शब्दाचं रेशनकार्ड तपासतात हो!” त्यांना कारण ठाऊक नव्हतं. मला होतं. त्या कारणाखाली माझं अक्षर होतं.

मी तेव्हा सुरतेत, भागळजवळच्या एका धर्मादाय संस्थेत कारकून होते. साठीचं दशक निम्मं सरलं होतं. संस्था गरजू बायकांना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्यायची. माझे वडील पोस्टातले, साताऱ्याकडून बदली होऊन आले ते सुरतेतच राहिले. माझी शाळा गुजराती. साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे, आणि ऑफिसात नाव कुसुमबेन. मी मराठी आहे हे बघणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता, आणि ते कळावं म्हणून मी काही करतही नव्हते. नोकरी नुकतीच कायम झाली होती.

मुलाखतीच्या दिवशी कमिटीचे तिघे ओळीने बसत. मधे रमणभाई, कमिटीचे प्रमुख, कापडाचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. प्रश्न ते विचारत, उत्तर मी अर्जावर लिहून घेई. मी मधे बोलायचं नाही, अशी पद्धत होती.

वत्सला सोनवणे हे नाव पुकारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. चोवीस वर्षांची, उंच, काटक बाई. पांढरी नव्हे पण रंग उडालेली साडी, कपाळ मोकळं. राहणार नवागाम. नवरा यंत्रमागावर होता, दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. तीन वर्षांची मुलगी. शिक्षण सातवी फायनल, खानदेशात. तेवढ्यावर त्या काळी शिक्षिकेच्या अध्यापनवर्गाला प्रवेश मिळे, दोन वर्षं वसतिगृहात राहावं लागे. तिला तेच करायचं होतं. अर्जात सगळं बरोबर होतं.

एकच अट तपासायची राहिली होती. शिष्यवृत्ती घेणारी बाई नोकरी-धंद्यात गुंतलेली नसावी, मोकळी असावी. गुजरातीत रिकाम्या, मोकळ्या माणसाला ‘नवरो’ म्हणतात, बाईला ‘नवरी’. रमणभाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं, “हमणां तो नवरी छे ने, बेन?”

तिचा चेहरा एकदम बदलला. तिने पदर सावरला, मान ताठ केली आणि म्हणाली, “नाही. एकदा झाले ते झाले. आता पुन्हा नाही.”

“नथी?” रमणभाईंनी विचारलं.

‘नथी’ म्हणजे नाही, एवढं तिला कळत होतं. “नथी,” ती ठामपणे म्हणाली.

“साचुं बोली,” रमणभाई शेजारच्याला म्हणाले. “काम करत असेल कुठेतरी. लखो, कुसुमबेन.”

मी लिहिलं : ‘नवरी नथी.’ मला दोन्ही अर्थ त्याच क्षणी कळले होते. पेन थांबलंही होतं. पण पुढचं नाव पुकारलं गेलं आणि मी पुढचा अर्ज ओढला. यात आणखी काही सांगण्यासारखं नाही. घाबरले असंही नाही. मधे बोलायची पद्धत नव्हती.

नकाराचं पत्रही मीच लिहिलं. पंधरा दिवसांनी ती पत्र घेऊन ऑफिसात आली. तिला गुजराती लिपी वाचता येत नव्हती, नवागामच्या किराणावाल्याने वाचून दाखवलं होतं. माझ्या टेबलावर कागद ठेवून ती हिंदीत म्हणाली, “बेन, ये क्या है? विधवा के लिए है बोलके अर्जी मंगाई, और अब लिखते हो कि दुल्हन नहीं, इसलिए नहीं मिलेगा? दुल्हन आएगी क्या तुम्हारे यहाँ शिकने को?”

मी म्हणाले, “बसा.”

एवढ्या एका शब्दाने ती गप्प झाली. माझ्या पदराकडे पाहिलं, मग तोंडाकडे. “तुम्ही मराठी?”

“हो.”

मी तिला ‘नवरी’चा गुजराती अर्थ सांगितला. तिने तो एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मला वाटलं, हसेल, नाहीतर रडेल. तिने यातलं काहीच केलं नाही.

“म्हणजे त्या दिवशी तुम्हाला समजलं होतं.”

“हो.”

“मग?”

बोलण्यासारखं असतं तर तेव्हाच बोलले असते.

ती खुर्चीत जरा मागे टेकली. “आता काय होईल?”

“या वर्षीची जागा गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.”

“बरं,” ती म्हणाली. “मग वर्षभर मला गुजराती शिकवा.” विनंती नव्हती ती. मी किती वाजता मोकळी असते, तेही तिनेच विचारलं, आणि ‘मोकळी’ म्हणण्याच्या आधी क्षणभर थांबून म्हणाली, “जेवायच्या सुट्टीत नवऱ्या असता ना तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी मी रमणभाईंना झाला प्रकार सांगितला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. “बिचारी! आवते वरसे चोक्कस,” म्हणाले. पुढच्या वर्षी नक्की. पण निकाल बदलला नाही. तो किस्सा मात्र त्यांना फार आवडला. पुढे कित्येक वर्षं लग्नात, जेवणावळीत ते तो सांगत. वत्सलाबाईंच्या कानावर तो दोन-तीन वाटांनी आलाच.

वर्षभर ती आठवड्यातून तीनदा यायची. सकाळी एका शेडमध्ये बॉबिनी भरायचं काम, तिथून चालत माझ्याकडे. केसांत सुताचे तंतू अडकलेले. गुजराती अक्षरं पहिल्यांदा पाहून म्हणाली, “यांच्या डोक्यावर पदरच नाही.” वरची रेघ नसते त्याबद्दल. कागद वाचायची तिची तऱ्हाही तेव्हाच लागली. एकदा वरून खाली, मग शेवटच्या ओळीपासून एकेक ओळ वर. “वरून वाचताना आपण आपल्या मनातलं वाचतो,” ती म्हणायची. “खालून वाचताना कागदावरचं.” मी ही तऱ्हा पुढे ऑफिसच्या कामात उचलली, फार उपयोगी आहे.

त्या वर्षाची एक किंमत होती, ती लिहायलाच हवी. बॉबिनीच्या कामामुळे मुलीकडे बघायला कोणी नव्हतं. सासूची दृष्टी अधू. शालिनीला मामाकडे, धरणगावला पाठवलं. मी एकदा नवागामला गेले होते तेव्हा सासू दारात बसून होती. मला कुणीतरी सरकारी बाई समजून म्हणाली, “मना आंडोर ग्या. नात ग्यी. आते हाई बी चालनी. शिकीसन काय करशी व माय?” आंडोर म्हणजे मुलगा. वत्सला आतून म्हणाली, “तुमनी नातले शिकाडसू.” म्हातारीने तोंड फिरवलं. चहा मात्र तिनेच टाकायला लावला.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. मुलाखतीत रमणभाईंनी मुद्दाम तोच प्रश्न हसत हसत विचारला. ती अस्सल सुरती गुजरातीत म्हणाली, “हा शेठ, तद्दन नवरी छुं.” अगदी मोकळी आहे. तिघेही खूश. ती हसली नाही.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम झाला, पालिकेच्या मराठी शाळेत नोकरी लागली, आणि ती वत्सलाची ‘वत्सलाबाई’ झाली. लगेच धरणगावला जाऊन मुलीला घेऊन आली. शालिनी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिकडे ती मामीला आई म्हणत होती, तीन वर्षं म्हणत आलेली. इथे आल्यावर चाळीतली सगळी पोरं जे म्हणत तेच ती आपल्या आईला म्हणू लागली. बाई.

मी एकदा म्हणाले, “सुधारा की तिला. रोज दहा पोरांचे शब्द सुधारता.”

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही. “तीन वर्षं होती ती तिकडे. त्यातली दोन माझी. मी ठरवून दिलेली.” तिसरं वर्ष कुणाचं, ते त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि हा शब्द तिचा आहे. तिचा ती बघेल.”

एवढ्या वर्षांत त्या मला त्या बाबतीत बोलल्या ते एवढंच.

त्यांच्या वर्गातली पोरं घरी अहिराणी बोलणारी, गल्लीत गुजराती, सिनेमाचं हिंदी. बाईंचा पहिला नियम असा की पोराच्या कुठल्याही शब्दाला चूक म्हणायचं नाही. फळ्यावर तीन रेघा ओढून तीन खणांत लिहायचं : घरचा, शाळेचा, बाजारचा. खणाबाहेर शब्द नाही. तपासनीस आले की भांबावून जात. पालिकेतल्या गुजराती शिक्षिका एकमेकींना ‘बेन’ म्हणत. ‘बाई’ म्हणजे त्यांच्या कानाला धुणंभांडी करणारी. “तमने बाई कहे छे, तो खोटुं नथी लागतुं?” एकीने कळवळून विचारलं. बाईंनी तळवा वर केला. मग वहीत लिहून घेतलं : ‘खोटुं लागवुं : म्हणजे वाईट वाटणे. खोटं वाटणे नव्हे.’

ती वही निळ्या पुठ्ठ्याची होती. वर लिहिलं होतं, ‘फसवे शब्द’. पहिल्या पानावर पहिला शब्द कुठला, हे सांगायला नको. एकदा तापीचं पाणी घरात शिरलं, वही गेली. आठ दिवसांनी पाहिलं तर नवी वही निम्मी भरलेली. “पाठ होते?” मी विचारलं. म्हणाल्या, “ठेच लागलेली जागा पाठ करावी लागत नाही.”

दर रविवारी सकाळी त्यांच्या दोन खोल्यांत चार-पाच बायका-मुली जमत. नवागामच्या, उधन्याच्या, एक तर कामरेजहून यायची. शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरायचे, मुलाखतीत काय बोलायचं. बाई खुर्चीत रमणभाई होऊन बसत, मनगटावर नसलेलं घड्याळ बघत, आणि तीन प्रश्न एका दमात विचारत. मुलगी गोंधळली की ओरडत, “अगं थांबव ना मला! हात कर! शेठ झाला म्हणून काय तो थांबत नाही? विचार त्याला, कुणाचा शब्द?”

यातलीच शकुंतला. परिचारिका प्रशिक्षणाला निवडली गेली होती. कागद घेऊन गेली तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, “काले आवजो.” गुजरातीत ‘काले आवजो’ म्हणजे उद्या या. हिने ऐकलं ‘काल’. काल यायला हवं होतं, मुदत संपली, असं समजून मुलगी घरी येऊन चुलीपुढे बसली. रडून झालं, बापाने पंधरवड्यात स्थळही बघायला घेतलं. बाईंना हे शाळेत कुणाकडून तरी कळलं. वर्ग शेजारच्या शिक्षिकेवर सोपवून त्या तशाच निघाल्या, शकुंतलेला हाताला धरून त्या खिडकीवर नेलं, आणि खिडकीवरच्याला स्वच्छ गुजरातीत म्हणाल्या, “तुमचा उद्या आणि आमचा काल यांच्यात या मुलीचे सोळा दिवस गेलेत. लिहून घ्या नाव.” त्याला काही कळलं नाही, पण नाव लिहून घेतलं.

शकुंतला परिचारिका झाली. पहिल्याच वर्षी तिच्या वॉर्डात पोटाचं ऑपरेशन झालेला एक खानदेशी म्हातारा होता. डॉक्टर गुजराती. टाके बघता बघता घाईत म्हणाले, “ऊभा रहो, ऊभा रहो,” म्हणजे थांबा जरा. म्हातारा खाटेवरून उठून उभा राहायला लागला. शकुंतलेने त्याचे खांदे दाबून धरले, “पडी ऱ्हाय बाबा! थांब म्हनी राहिना तो!” ही हकीकत तिने रविवारी येऊन सांगितली तेव्हा वत्सलाबाई हसल्या. त्यांना मोठ्याने हसताना मी पाहिलं ते त्या दिवशी.

वही छापायची कल्पना शकुंतलेची. खानदेशी समाजाचं मंडळ होतं, दरवर्षी एखाद्या कामाला अनुदान देई. बाई सभेत उभ्या राहिल्या. सेक्रेटरी म्हणाले, “बाई, पुस्तक वाचतंय कोण? त्यापेक्षा मंडळाला मोठी पातेली घेऊ. लग्नाकार्यात, नवरीकडच्यांना उपयोगी पडतील.”

“मीही नवरीसाठीच मागते आहे,” बाई म्हणाल्या, आणि वहीचं पहिलं पान वाचलं. स्वतःची हकीकत, नाव न लपवता. सभेत हसू फुटलं, पण ते मधेच विरलं, कारण वाचणारी बाई हसत नव्हती. मागे बसलेल्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, “मना बी तसाच व्हयनं व माय, दवाखानामा.” मग दुसरी बोलली, मग तिसरी. पातेली त्या वर्षी राहिली. ‘फसवे शब्द’ छापून झालं. पातळ, पिवळ्या मुखपृष्ठाचं. नवागामच्या कितीतरी घरांत ते रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवलेलं असे.

शकुंतलेनंतर एक प्रयोगशाळेत लागली, एक शिवणवर्गाची शिक्षिका झाली, कामरेजवाली वडोदऱ्याला फेलोशिपवर शिकायला गेली. शालिनीलाही पुढे शिष्यवृत्ती मिळाली. त्या वर्षी बाई कमिटीत होत्या. मुलीच्या नावाच्या वेळी उठून बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि निकाल लागेपर्यंत आत आल्या नाहीत. ‘मदत’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. “मदत मिळाली” असं एखादी म्हणाली की तळवा वर. “निवड झाली म्हण.”

सत्तरच्या दशकाच्या शेवटी संस्थेचा वर्धापनदिन झाला. वत्सलाबाईंचा सत्कार होता. रमणभाई आता थकले होते, काठी घेऊन स्टेजवर आले. त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि मग, सवयीने, तो किस्सा सांगितला. “में पूछ्युं, नवरी छे? बाई बोली, नथी!” सगळं सभागृह हसलं. रमणभाईंच्या सुना-नातवंडांची रांगसुद्धा. बाई शाल मांडीवर ठेवून समोर बघत बसल्या होत्या. बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा तीन वाक्यं बोलल्या, आभार मानले, बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. कमिटीचे नवे अर्ज न्यायचे होते. ते घेतले आणि म्हणाल्या, “ताई, माझा पहिला अर्ज आहे अजून?”

जुनी कागदपत्रं दहा वर्षांनी काढून टाकायचा नियम होता. दहा होऊन गेली होती. तो गठ्ठा मी काढला नव्हता. कपाटाच्या खालच्या खणातून आणून दिला. त्यांनी दोरी सोडली, अर्ज काढला, वरून खाली वाचला, मग खालून वर.

“हे तुमचं अक्षर.”

“हो.”

त्यांनी पर्समधून वह्या तपासायचं लाल पेन काढलं. ‘नवरी नथी’तल्या ‘नथी’वर एक सरळ रेघ मारली आणि त्याच्या वर, बिनपदराच्या अक्षरांत, नीट लिहिलं : ‘हती.’ खाली सही, त्या दिवसाची तारीख. अर्ज माझ्याकडे वळवला.

“वाचा.”

“नवरी हती,” मी वाचलं. ‘हती’ म्हणजे होती. मोकळी होती.

“आता हा शब्द कुणाचाही धरा,” त्या म्हणाल्या. “दोन्हीकडे खरंच आहे.”

मी तेव्हा म्हणाले, “मी त्या दिवशी बोलायला हवं होतं.” चौदा-पंधरा वर्षं उशिरा म्हणाले.

“हो,” त्या म्हणाल्या. “हवं होतं.” आणि माझ्या हातावर क्षणभर हात ठेवून उठल्या. “निघते. या अर्जांसाठी पाच मुली थांबल्यात घरी.”

त्या महिन्याअखेर माझी वडोदऱ्याच्या शाखेत बदली झाली. पत्रं येत-जात राहिली, भेट राहून गेली. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दिसणं त्या दुपारचंच. मी अर्ज जागेवर लावला, दोरी बांधली आणि खिडकीशी गेले. खाली भर दुपारची भागळची गर्दी, सायकली, कापडाचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या, रिक्षा. बाई फुटपाथच्या कडेला उभ्या होत्या, डाव्या काखेत नवे अर्ज. त्यांनी उजवा तळवा छातीपर्यंत वर केला. हातगाडीवाला थांबला, त्याच्यामागची रिक्षा थांबली, रिक्षावाला काहीतरी ओरडला. बाईंनी त्याच्याकडे वळून, न घाबरता, काहीतरी विचारलं. काय विचारलं ते वर ऐकू आलं नाही. मग त्या रस्ता ओलांडून गेल्या.